अकरा पावलं

कुताइसीच्या थिएटरात, तिसऱ्या रांगेच्या कडेला,
ओतियानं मला आधी शिकवली ती चिकटपट्टी.
रंगमंचाच्या फळीवर नखाएवढी पांढरी खूण असते,
नटानं कुठं थांबायचं ते सांगणारी.
"माणूस यायच्या आधी तिथं पोच," तो म्हणाला,
"आणि बसून राहा. बिळापाशी मांजर बसतं तशी."

कॅमेऱ्याचं आपोआपचं शहाणपण
त्यानं पहिल्याच दिवशी बंद करायला लावलं.
काळ्या पडद्यावर लेन्सला धरायला काही सापडत नाही,
ती पुढं जाते, मागं येते, घुरघुरते,
चष्मा हरवलेल्या माणसासारखी उशी चाचपते,
तेवढ्यात राजा मरून गेलेला असतो.
धूर सोडला की धुरावर बसते.
माइकचा दांडा मध्ये आला की दांड्यावर.
"तिला काय, जवळचं ते खरं वाटतं."

दोन डोळ्यांतला अलीकडचा धर.
नाचणारे उडी घेतात तेव्हा
चढणं संपतं आणि उतरणं अजून सुरू होत नाही,
हवेला तिथं एक खिसा असतो,
तिथं बोट दाब.
हे सगळं तो सूर्यफुलाच्या बिया सोलत सांगायचा.
सालं माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत.

दारेजान त्या मोसमात एकाहत्तरची होती.
शेवटच्या अंकात ती डाव्या विंगेतून यायची,
अकरा पावलं,
खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायची
आणि मुलाचं पत्र वाचायची.
तालमीत मी मोजलं. चार वेळा.
बारावं पाऊल कधी पडलं नाही.
म्हणून शेवटच्या प्रयोगाला मी खुर्चीवर फोकस लावला,
लेन्सचं कडं पट्टीनं जखडून टाकलं,
श्वास धरून ठेवला.

दिवा लागला.
वेताचे पेड मोजावेत इतकी लखलखीत खुर्ची.
ती आली. सात. आठ.
नवव्या पावलाला थांबली.

संवाद विसरली नव्हती, हे नंतर कळलं.
गुडघाही दुखत नव्हता.
उभी राहिली फक्त, खुर्चीकडं बघत,
हातातल्या पत्राची घडी न मोडता,
आणि अख्खं सभागृह खोकायचं विसरलं.

माझं नख पट्टीच्या टोकाखाली गेलेलं.
एक हिसका, की कडं मोकळं.
तेव्हा ओतियाचा हात माझ्या मनगटावर आला,
खारट, खरखरीत.
बोलला काहीच नाही.
मी तसंच बटण दाबलं.

तो फोटो आता तिकीटखिडकीशेजारी आहे.
पुढं खुर्ची,
पाठीवर हातांनी झिजून तुकतुकीत झालेला पट्टा,
आणि मागं, दोन पावलांवर,
पाण्यात विरघळत असावी तशी एक उंच बाई,
काहीतरी पांढरं धरलेली.
लोक म्हणतात, फोटोत हललीय वाटतं.
तिकिटं फाडता फाडता गुलिको त्यांना सुनावते,
ती तसूभरही हलली नव्हती, मी बघत होते.

दारेजाननं तो पाहिला त्या दुपारी
मी जिन्यात उभी होते.
तिनं चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.
"अगदी असंच," ती म्हणाली.
"मलाही त्या रात्री खुर्चीच तेवढी दिसत होती."
मग कोटाची बटणं लावत विचारलं,
दोनच राहिली होती ना गं?
मी म्हटलं, हो, दोन.