एकतिसावा आठवडा

डेमिंगच्या अलीकडे, हायवेच्या कडेला माझं टायरचं दुकान.
एक जॅक, एक कॉम्प्रेसर,
सावली म्हणाल तर पत्र्याची.
ती आली तेव्हा ट्रेलरचा मागचा उजवा टायर
चिंध्या होऊन रिमला लोंबत होता.

"एकच टाका," आर्डिथ हेनेकी म्हणाली.
"बाकीच्या तिघांची नक्षी बघा, कोरी आहे."

कोरीच होती.
ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, बाई,
उभ्या उभ्या मरतात.
गुडघा टेकून कडेची धूळ थुंकीने पुसली,
लंबगोलातले चार आकडे दाखवले:
एकतीस, पंधरा.
पंधरा सालचा एकतिसावा आठवडा.
अंगठ्याने दाबलं तशा भेगा
तोंड उघडून परत मिटल्या.

ती बोटांवर मोजत राहिली.
"म्हणजे जुलै संपताना.
लाइलनेच घेतले. घासाघीस करून, चारावर एक."

तो पाचवा ट्रेलरच्या पोटाशी, साखळीला टांगलेला.
उतरवला. नऊ वर्षांत एकदाही जमिनीला लागला नव्हता,
कारखान्यातले रबराचे केससुद्धा अंगावर तसेच.
आणि भेगा त्यालाही तेवढ्याच.

"हा तरी?"
माप जुळतं, मी म्हटलं, भाराचा आकडाही जुळतो,
पण नव्याशेजारी जुना म्हणजे एकोणीस-वीस नव्हे.
नवा उंच. ओझं तोच उचलतो,
आणि लवकर जातो.

पर्स उघडून तिने दोनदा मोजले.
पैसे दोघांचेच निघाले.
ते दोन मागच्या आसावर, जोडीने.
पुढे त्यातल्या त्यात बरे.
पंचावन्नच्या वर जाऊ नका,
ऊन उतरल्यावर, डांबर निवल्यावर निघा.

पाचवा मी ढिगाकडे लोटत होतो.
"तो परत टांगा."
उपयोगाचा नाही, बाई.
"माहीत आहे."
टांगला. साखळीला नवा खिळा घातला, त्याचे पैसे नाही धरले.

पन्नास मैलांवर थांबून नट पुन्हा आवळा, मी सांगितलं.
"लाइल पंचवीसलाच थांबायचा,"
शर्टावरचं माझं नाव वाचत ती म्हणाली, "सेफेरिनो."

रात्री फोन वाजला. मागे ट्रकांची घरघर.
"पंचवीसला थांबले. तिसरा नट पाव फेरी फिरला."
मग बराच वेळ काही नाही.
मी पाना पुसत
ऐकत उभा.