नऊ चौरस मीटर

श्यूर्ड गेला तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर
एक मोजा आणि सायकलची दोन कुलपं ठेवून गेला.
किल्ल्या नेल्या सोबत.
खोली नऊ चौरस मीटर, तोंड कालव्याकडे.
घडीची खाट उलगडली की दार उघडत नाही.
तिच्यासाठी एकशे चाळीस अर्ज आले.

आम्ही सहाजण स्वयंपाकघरात बसलो
आणि तांदळातले खडे वेचावेत तसे अर्ज वेचले.
हा फारच नम्र.
हिला शांतता आवडते, म्हणजे संपलंच.
अठराजणांना बोलावलं, गुरुवारी संध्याकाळी,
पंधरा मिनिटं प्रत्येकी, बिअर ज्याची त्यानं आणायची.
ख्रोनिंगनमध्ये शरद ऋतू असाच येतो:
विद्यापीठ हो म्हणतं, गाव नाही म्हणतं.

लाउरेन्सनं प्रत्येकाला विचारलं,
तू भाजी असतास तर कोणती?
कोणी आर्टिचोक झालं, कोणी गाजर.
एकजण म्हणाला, तुमच्या फ्रिजमध्ये जी सडत असेल ती,
आणि आम्ही टेबल बडवून हसलो.
त्याच्याकडे कॉफीचं मशीनही होतं.

रिक्स्ट आली सर्वांत शेवटी.
फ्रिसलंडची, वाऱ्यानं कान लाल झालेले.
मास्टर्सला प्रवेश मिळालेला, विषय दलदलीची माती,
ती दर वर्षी किती मिलिमीटर खचते ते मोजणं.
हातात निळं इनॅमलचं भांडं,
झाकण सुतळीनं बांधलेलं, आत वाटाण्याचं सूप.
भाजीचा प्रश्न ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली.
मग म्हणाली,
मी सध्या तंबूत राहते.
कॅम्पिंगवाले पंधरा तारखेला फाटक बंद करतात.

कोणीतरी फोनमध्ये किती वाजले ते पाहिलं.
बहुतेक मीच.

चिठ्ठ्या टाकल्या. मी कॉफीच्या मशीनला मत दिलं.
सूप रात्री दीडला खाल्लं,
भांड्याचा तळ पावानं पुसून.

पुढे ती दिसायची. लायब्ररीच्या तळघरात,
सकाळी आठला, बेसिनपाशी दात घासताना,
बिऱ्हाड पाठीवर.
विंचवाला निदान नांगी असते.
तिनं आरशातून मान हलवली, ओळखीची.
मी हात धुवायला आले होते, न धुताच निघाले.

डिसेंबरात माझी पाळी.
उप्सालाला पीएचडीचा अर्ज.
नाव: तिर्झा व्हेल्टमन. जन्मतारीख. शिफारशी दोन.
शेवटचा रकाना:
आपल्याला आमच्याकडेच का यायचं आहे?
पाचशे शब्दांत सांगा.
मी लिहिलं, आपल्या विभागाची उज्ज्वल परंपरा.
खोडलं.
लिहिलं, लहानपणापासूनच मला.
खोडलं.
ताकाला जाऊन भांडं लपवणं
मला इतकं छान जमतं
हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात बेल.
खाली रिक्स्ट. भांडं न्यायला आलेय, म्हणाली, आईचं आहे.
खोली? मी विचारलं.
मिळाली. हारेनमध्ये एका आजीबाईंचा पोटमाळा,
सोमवार ते गुरुवार.
शुक्रवारी त्यांचा नातू येतो.
आणि शुक्रवारी?
ती माझ्या खांद्यावरून जिन्याकडे पाहत राहिली.

भांड्यात मी कांदे ठेवले होते.
घाईनं उचललं, आणि या घरांचे जिने तर शिडीसारखे,
कांदे एकेक पायरी मोजत खाली गेले,
तिच्या बुटांपर्यंत.
दोघी गुडघ्यांवर बसून वेचू लागलो.
एक सायकलच्या चाकामागे, एक टपालाच्या ढिगात.

कांदा, ती एकदम म्हणाली.
काय?
त्या दिवशी विचारलंत ना. मला सुचलंच नाही.
कांदा म्हणाले असते.

का, ते मी विचारलं नाही,
पंधरा मिनिटं केव्हाच संपली होती.
झाकण तिनं त्याच सुतळीनं बांधलं
आणि दार बाहेरून, हळू, ओढून घेतलं.

वर पडद्यावर रकाना तसाच.
कांद्याची सालं अजून माझ्या मुठीत.