कच्चा टाका

सकाळपासून नऊ जण येऊन गेले.
खिडकीबाहेर ग्रिम्स्बीचा वारा, त्याला मासळीचा वास.
गोदी ओस पडून वर्षं झाली,
वास मात्र अजून नोकरीवर कायम.

टेबलाच्या या बाजूला आम्ही तिघं:
गॅरेथ, मनुष्यबळ विभाग, ज्याच्या पेनाला कधीच टोपण नसतं;
मी, डॉक्टर सबनीस, छातीचे विकार, इथे सव्वीस वर्षं;
आणि मॉरीन ब्लँचर्ड, रुग्णांच्या वतीने बसलेली.
नवरा ट्रॉलरवर होता, गेला आमच्याच सात नंबरच्या वॉर्डात.
तिच्या पर्समध्ये पेपरमिंट,
येणाऱ्या प्रत्येकाला एक.

कागदावर रकाने छापलेले आहेत.
संवाद. संघभावना. ताण असताना निर्णय.
पाचपैकी.

पोरं हुशार आहेत, त्यात वादच नाही.
टोबायस ऑल्डरिज 'संघ' हा शब्द अकरा वेळा बोलला,
मी समासात टिंबं देत होते.
सुवर्णपदक, सरळ पाठ, नजरेला नजर.
एखादी चूक सांगा म्हटलं, तर म्हणाला,
मी जरा जास्तच काटेकोर आहे, हाच माझा दोष.
गॅरेथने पाच दिले. मी चार.
का नाही देणार?
ते उत्तर माझंच होतं.

एकोणीसशे सत्त्याण्णव, रॉदरहॅम,
मैत्रिणीचा कोट, बाह्या दोन बोटं लांब.
'कामापुढे मला जेवणाची शुद्ध राहत नाही, हाच माझा दोष.'
आरशापुढे घोटलेलं वाक्य.
समोरचे तिन्ही साहेब खूश झाले.
आणि नोव्हेंबरात, पहाटे तीनला,
चार नंबरच्या खाटेवरचे मिस्टर हेपवर्थ
निळसर ओठांनी म्हणत होते, मी बरा आहे, पोरी, तू बस जरा.
माझा हात फोनवर.
वरचे डॉक्टर झोपलेत.
उठवलं तर म्हणतील, एवढंही येत नाही?
साडेचारपर्यंत
माझा हात फोनवरच होता.

हे मी कुठल्याही टेबलापलीकडून कधी सांगितलं नाही.

दहावा कॅलम टिंडल.
तोच प्रश्न. तो गप्प.
पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात.
गॅरेथने घड्याळ पाहिलं, मॉरीनने नाही.
मग म्हणाला, शेवटच्या वर्षाला होतो,
पोटॅशियमचा आकडा आधी मी पाहिला.
डॉक्टर घाईत होत्या, मला वाटलं, त्यांना ठाऊक असेलच.
अर्ध्या तासाने सांगितलं.
बाई वाचल्या.
पण त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, ते मला अजून कळत नाही.

आणि आता? मी विचारलं. माझा आवाज जरा चिरकला.
आता आधी फोन करतो, तो म्हणाला,
लाजतो नंतर.

दार लागलं. गॅरेथने दोन दिले.
चाळीस सेकंद गप्प होता, म्हणाला,
आणि चूक म्हणजे, बघा ना, खरोखरच चूक.
मॉरीनने रकान्यांना हातच लावला नव्हता,
आडवं लिहिलं होतं: 'माझ्या रॉनला हा चालला असता.'
रॉन कुणाला चालवून घेणारा नव्हता, हे मला माहीत आहे.
मी त्याचा एक्स-रे रागावून घेतला होता.

कारण एका वाक्यात लिहा, असा खाली रकाना.
मी लिहिलं, फोन करील.
गॅरेथ म्हणाला, ही पात्रता यादीत नाही.
म्हटलं, नसू दे.

खाली बस-थांब्यावर कॅलम उभा होता.
वाऱ्याने कोटाची मागची फट उडाली,
आणि तिथे शिंप्याचा पांढरा कच्चा टाका, फुलीचा,
नव्या कोटावर तसाच, न उसवलेला.
तो वळून दाराकडे गेला तेव्हा आम्ही तिघांनीही पाहिला असणार.
बोललं कुणीच नाही.

हॉस्पिटलची खिडकी चार बोटंच उघडते.
तेवढ्यातून मी हाक मारली,
कॅलम,
बस आली.