लवणासुरी

चौथ्या अंकात, पान नऊवर ती आली तेव्हा
तिला नुसती पाठ होती.
नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या छापखान्यात
ठोसरांनी कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात काढलेली,
ओल्या लुगड्याची पाठ, आणि पायाशी मिठाची रास.
फुगे मी भरायचे. कोणी काय बोलायचं
ते गुप्त्यांकडून लिहून यायचं, माझी फक्त अक्षरं.
फुग्याला पंधरा पैसे.
आरोळी असली तर वीस, ठळकला शाई जास्त लागते.

ठोसरांनी तिचं नाव ठेवलेलं हौशी भोईर,
राहणार गोठिवली.
गुप्ते म्हणाले, हे काय नाव झालं, हिला रेशन द्यायचंय?
लवणासुरी करा.
मी पांढऱ्यानं हौशी पुसली आणि वर लवणासुरी लिहिली.
मला कुणी विचारलं नाही, मी तळवलीची.
खाडीपलीकडून यायचे,
जिना चढता चढता 'माजा'चा 'माझा' करायचे.

सहाव्या अंकात ती लोभी होती,
तुर्भ्याच्या कारखान्यात सूत्र चोरताना पिंपात पडलेली.
तेराव्यात जन्मापासूनच शापित.
अठराव्या वेळी गुप्ते कावीळ होऊन पडले
आणि ठोसरांनी स्वतःच लिहिलं, एकच पान, सहा चौकटी:

रात्री कुठलासा नळ फुटतो, पाणी कोंडीत उतरतं.
पहाटे हौशी गुडघाभर पाण्यात, हातात फळी.
फळीचं मीठ होतं. टोपलीचं होतं.
ती हात पदरात गुंडाळून घरी येते.
पोर किरकिरतंय, दृष्ट लागलीय,
ती मीठमोहऱ्या ओवाळते, तीनदा, लांबूनच,
चुलीत टाकते, तडतड ऐकते,
आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं,
पोराच्या गालांवरून हात फिरवून
कानशिलांवर बोटं मोडते.

सहावी चौकट ठोसरांनी कोरी ठेवली.
मी तिथे पृष्ठ क्रमांकसुद्धा घातला नाही.

दोन पत्रं आली. एक कळव्याच्या मुलीचं:
पोराचं पुढं काय झालं?
गुप्ते पिवळ्या डोळ्यांनी परत आले आणि म्हणाले,
खलनायिकेला पोर नसतं. हसवा तिला.

मग बारा अंक ती हसली.
हा हा हा. प्रत्येक पानावर, ठळक, वीस पैसे.
माझ्याच मनगटातून निघायचं ते हसू,
काना जरा तिरपा, म्हणजे खुनशी दिसतो.
तेजोनाथ हनुवटी पुढे काढून म्हणायचा:
खाल्ल्या मिठाला जागली नाहीस, लवणासुरी!
मी लिहायचे. मनात म्हणायचे,
अरे, पिकवलेलं कुणी?

एकतिसावा अंक. तो तिला खाडीपुलावरून ढकलतो.
भरतीचं पाणी. कमरेपर्यंत ती विरघळलेली,
तोंड अजून पाण्यावर, आणि फुगा,
मोजून तीन 'हा' मावतील एवढा.
गुप्ते जेवायला गेले होते. ठोसर खिडकीशी विडी ओढत होते.
मी बारीक निब घेतली
आणि ठेंगण्या अक्षरांत लिहिलं:
तेला निजूंदे.

ठोसरांनी वाकून पाहिलं. विडी विझवली.
म्हणाले, 'निजूं'वरचा अनुस्वार वाळू दे, फिसकटेल.

कुणाचं पत्र आलं नाही. बत्तिसावा अंक निघालाच नाही,
कागदवाल्याची उधारी.
माझे सत्तावन्न रुपये अजून यायचेत.

आता मी ऐरोलीत, सातव्या मजल्यावर.
आमच्या इमारतीखाली कुणाची कोंडी होती
ते सोसायटीत कुणाला ठाऊक नाही, मला आहे.
पलंगामागच्या भिंतीला लोणा फुटतो,
पांढरा, पिठासारखा, लहान पोराच्या उंचीला.
रंगवाला दरवर्षी खरवडतो.
यंदा पुट्टी हातात घेऊन म्हणाला,
आजी, खोटं कशाला बोलू, हा परत येणार.
मी म्हटलं, पंखा लाव आधी,
घामानं भिजलायस.