हातचा एक

टर्टल फोर्कच्या पुलावर, सकाळचे सहा.
घडीची खुर्ची, गुडघ्यांवर गोधडी,
थर्मासात कॉफी,
आणि पाटीच्या चिमट्यात काउंटीचा तक्ता. रकाने चार:
सायकल. पायी. चाकाची खुर्ची. इतर.

एकतीस वर्षं या डोंगरांतून शाळेची बस चालवली मी.
मोजणं नवं नाही मला.
शेवटचं पोर उतरेपर्यंत
ओठ हलत असायचे माझे.

इथून पूर्वी कोळसा जायचा.
रूळ भंगारात गेले, स्लीपर कुणाकुणाच्या
टोमॅटोच्या वाफ्यांना. उरली खडी.
तिच्यावर चार शनिवार फावडी मारली आम्ही,
डेल्फियाच्या चर्चची माणसं, हायस्कूलची कुस्तीतली पोरं,
आणि हार्लन गिब्स, खाणीतून खोकला घेऊन आलेला.
घमेलं उचलवेना, म्हणून तो नुसता
पाणी कुठून जातं ते दाखवत उभा राहिला.
“इथं मोरी घाला,” म्हणाला. आम्ही नाही घातली.
एप्रिलात नेमकी तेवढीच वाट वाहून गेली.
आता तिथे मोरी आहे,
आणि मोरीचं नाव हार्लन.

सहा-वीस: दोन सायकली, दिवे लावून.
सात: कुत्र्याला फिरवणारी नव्हे,
कुत्र्यानं फिरवलेली मिसेस टॅकेट. पायी एक.
(कुत्रं कुठल्या रकान्यात, ते विचारायला हवं.)
सात-चाळीस: वेडलची नात रीना, भावाची थोराड सायकल,
दांडीखालून पाय घालून,
कॅरिअरला ग्रंथालयाची पुस्तकं, मुदत टळलेली.
नऊ: डोक्यावर होडी घेतलेला एक इसम.
इतर.

नवव्या मैलावर फाटक आहे. लॉयल स्टम्बोचं.
पितळी कुलूप, महिन्याच्या महिन्याला तेल घातलेलं.
लॉयल वाईट नाही.
त्याच्या बापाचं कुरण रेल्वेनं एका सहीवर घेतलं,
परत द्यायची सही मात्र
कुणाकडेच नव्हती.
म्हणून फाटकाशी सगळे पाय टेकतात,
एक घोट पाणी पितात, आणि वळतात.

मंगळवारच्या बैठकीत माईक तीन मिनिटं.
मी आकडा वाचला: चारशे चौतीस.
कमिशनर प्रुइटनं चष्मा कपाळावर नेला.
“म्हणजे बाई, दोनशे सतराच की!
जो जातो तोच परत येतो,
तुम्ही दोनदा मोजता त्याला.”
हशा. मीही हसले, खरंच होतं ते.
मग म्हटलं, “फाटक उघडा, एकेकदाच मोजते.
पलीकडे चार मैलांवर दवाखाना आहे,
ग्रंथालय आहे, हिरवा भाजीपाला मिळणारं दुकान आहे.
माणसं परत यायची नाहीत मग.
पोचतील.”
घंटी वाजली. ठराव पुढच्या महिन्यावर.

आज शनिवार. उजेड संपत आला,
बेरीज मांडली: गेले एकशे नऊ,
आले एकशे आठ.
पुन्हा मांडली.
पुन्हा तेच.
पोटात तो जुना गोळा,
बसच्या आरशात मागचं बाक रिकामं दिसल्यासारखा.

टॉर्च घेऊन गेले. मोरीवरून, ओल्या खडीवरून,
हाक मारत, मग हाक न मारता.
फाटक तसंच. कुलूप तसंच.
वरच्या आडव्या पट्टीवर मात्र चिखल,
टायरच्या नक्षीचा, अजून ओला,
आणि पलीकडे एकच चाकोरी, सरळ गेलेली.

ओसरीवर दिवा नव्हता, सिगारेटचा ठिपका होता.
“शोधू नकोस,” लॉयल म्हणाला.
“आत्या राहते तिची तिकडे. पोचल्याचा फोन आलाय.”
बराच वेळ काही नाही.
मग, कुलपाकडे न बघता,
“जड होती ती सायकल पोरीला.
या बाजूनं मी धरली.
बोलू नकोस कुणाला.”

नाही बोलले.
परत येताना नऊ मैल पायी चालून
माझ्याच तक्त्यात मला कुठे लिहावं, कळेना.
पुलावर बसून खोडलं काहीच नाही.
बेरजेशेजारी, छोट्या अक्षरात,
हातचा एक ठेवला.