नखाला लागलेला काठ

आचाओच्या धक्क्यावर ओहोटी लागली
की नोल्बेर्तो बार्रियाची होडी चिखलात एका कुशीवर कलते
आणि मी पान्यांची पिशवी घेऊन आत उतरते.

"सकाळी उठायला कुरकुरते गं एदेल्मिरा," तो सांगतो,
"पण वरून चमचाभर तेल पाजलं, की लगेच तरणी."
ते तरणेपण मला ठाऊक आहे.
तेल फटी बुजवतं, दाब धरला जातो,
आणि तासाभरात सगळं
निळा धूर होऊन खाडीवर पसरतं.

काल इंजिन चालू असताना
तेलाचं झाकण काढून मी तळवा धरला.
हातावर धापा आल्या, गरम, एकामागून एक.
पंख्याला मिळायचा तो जोर
खालच्या खाली वाट काढत होता.

आज हेड उतरवलं.
लायनरची भिंत आरशासारखी.
चकाकी बघून नोल्बेर्तो खूश.
हाच रोग आहे, हे मी त्याला लगेच सांगितलं नाही;
तेल धरून ठेवणाऱ्या बारीक तिरक्या रेघा
कधीच्या पुसल्या गेल्यात.

मग त्याचं बोट धरून वरच्या कडेशी नेलं.
"नख फिरव."
नख अडकलं.
तिथवर रिंग कधी पोचलीच नाही,
म्हणून गव्हाच्या दाण्याएवढी ती पट्टी
अजून त्याच दिवसाची आहे
ज्या दिवशी त्याच्या बापाने हे इंजिन धक्क्यावर उतरवलं.
त्याखालचं सगळं
बटाटे, सरपण, मेंढ्या, तीन शवपेट्या
आणि उलट्या करणारी एक नवरी
बेटांवर पोचवता पोचवता गेलं.

तो बराच वेळ नख तिथंच ठेवून बसला.

जुनी रिंग सिलिंडरात बसवून फट मोजली.
माझ्या गेजची पाती संपली.
वहीत आकड्याच्या जागी मी लिहिलं:
नुसत्या डोळ्यांना दिसते.

सामान पुएर्तो मोंतहून येणार, दोन आठवडे.
"मग जपून चालवायची ना? हळूहळू?"
नाही, म्हटलं. नुसती धुगधुगत ठेवलीस
तर नव्या रिंगा भिंतीशी कधीच जुळायच्या नाहीत.
पहिल्याच दिवशी काठोकाठ भर,
आपियाओपर्यंत ने, प्रवाहाच्या तोंडावर.
घासू दे त्यांना.

भरती चढत होती. होडी चिखलातून सुटून
सावकाश सरळ होत होती.
शिडीपाशी तो थांबला, हातात जुनी रिंग.
"भंगारात काय येईल हिचं?"
मी तोंड उघडायच्या आत
त्यानं ती खिशात टाकली.