त्रेसष्ट टक्के

उलव्यात आमच्या इमारतीपर्यंत केबल अजून आलेली नाही.
म्हणून हा राउटर, साबणाच्या वडीएवढा,
खिडकीच्या ग्रिलला रबरबँडने बांधलेला.

झाकण बसेना तेव्हा
सीवूड्सचा हेरंब म्हणाला, बॅटरी फुगलीय.
चोवीस तास चार्जरला लावून ठेवता ना?
भरलेल्याला भरत राहिलं की पोट सुटतंच.
उशाशी ठेवू नका.

उशाशीच असतो रात्री.
नव्वद टक्के दाखवतो
आणि प्लग निघाला की चौथ्या मिनिटाला डोळे मिटतो.
खोटं बोलण्यात माझ्याहून वरचढ.

काल न विचारताच अपडेट सुरू झालं.
बंद करू नका, इवल्या पडद्यावर उमटलं.
सॉकेट ढिलं. मी अंगठ्याने प्लग दाबून
उकिडवी बसून राहिले.
त्रेसष्टवर आकडा अडकला
तेव्हा पाणी प्यायलाही उठले नाही.
एवढा वेळ शेवटचा हात धरला होता
तो बेलापूरच्या दवाखान्यात.
असो.

पहाटे चालू झाला, सगळं विसरून.
मी ठेवलेलं नाव गेलं,
कंपनीचं नाव आणि लांबलचक आकडे परत आले.

सातला बेल. सातशे चारमधला निहाल,
तोंडात ब्रश तसाच:
काकू, तुमचं नेट गेलं का?
मागे त्याची आई, ओशाळलेली.
तिच्यामागे सातशे दोनचे खोत,
जणू सहज आलेले.

म्हणजे एवढ्यांचं ओझं होतं त्या वडीवर.

पासवर्ड सांगितला, जिन्यात उभं राहून, मोठ्याने.
नवी बॅटरी मंगळवारी येतेय.
तोवर प्लग कोण धरणार
ते आधी ठरवा, म्हटलं.